गाडीचे पाय बघणारे काका

नोकरीच्या मुलाखती मी बऱ्याच दिल्या, पण बूट काढायला लावणारी एकच. २००७ साली, सिंगापूरच्या वुडलँड्समधल्या एका औद्योगिक इमारतीत. टेबलापलीकडे कंपनीचे डिरेक्टर माझा बायोडेटा वाचत बसले होते. मागे एक छोटी जुनी गाडी लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, चारही चाकं काढलेली. आणि डिरेक्टरांच्या शेजारी, खुर्चीवर नव्हे, तर एकावर एक रचलेल्या चार चाकांवर उशी टाकून एक साठीचे गृहस्थ बसले होते. बैठक इतकी उंच, की त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते.

डिरेक्टरांनी मोटर विचारली, बॅटरी विचारली, मी धडाधड उत्तरं दिली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे जे शिकले ते पक्कं शिकले होते आणि सांगताना लाजत नव्हते. तेवढ्यात ते गृहस्थ एकदम मराठीत म्हणाले, "उजवा बूट काढ."

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. त्यांनी हात पुढे केला. मी बूट काढून दिला. वरून मी त्याला सकाळीच पॉलिश केलं होतं. खालून कोण बघणार होतं? त्यांनी तो उलटा केला, टाचेवरून अंगठा फिरवला.

"बाहेरून झिजलाय. पिशवी उजव्या खांद्याला लावतेस. आणि जड लावतेस. काय असतं पिशवीत?"

"पुस्तकं."

त्यांनी बूट परत दिला आणि डिरेक्टरांना इंग्रजीत सांगितलं, "हिला घ्या."

त्यांचं नाव लिहीत नाही. आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडायचं नाही. वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना अंकल म्हणायचे, मी काका म्हणायची आणि ते मला 'इंजिनीअर' म्हणायचे. "काय इंजिनीअर, जेवलीस का?" "इंजिनीअर, तो पाना दे." दुसऱ्या कोणाला ही हाक साधी वाटली असती. मला नाही. साखर कारखान्याच्या कॉलनीत दोन खोल्यांत वाढलेल्या मुलीला तो शब्द दिवसातून वीस वेळा ऐकायला मिळत होता, आणि वीसही वेळा बरं वाटत होतं.

काका मूळचे पुण्याचे. तिशीत सिंगापूरला आले, आधी जहाजं दुरुस्त केली, मग ट्रक. तोआ पायोहमध्ये बाराव्या मजल्यावर काकूंबरोबर राहत. स्वतःची गाडी कधीच घेतली नाही, पण दुसऱ्याच्या कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिला एक फेरी मारून चारही टायर दाबून बघायचे. मित्राची असो, बॉसची असो, टॅक्सी असो. एकदा टॅक्सीवाला काच खाली करून सिंगापुरी थाटात ओरडला, "अंकल, टॅक्सीत बसायचंय की टॅक्सी विकत घ्यायचीय, लाह?" काका शांतपणे म्हणाले, "पुढचं उजवं मऊ आहे. आधी हवा भर, मग बसतो." आणि खरोखर, पेट्रोल पंपापर्यंत टॅक्सी रिकामी नेऊन त्याला हवा भरायला लावली. काका मागून चालत आले.

काकू सांगायच्या, "आमच्या लग्नात वरातीची गाडी फुलांनी सजवून तयार, बँड सुरू, आणि नवरदेव कुठे? तर चाकाशी उकिडवे बसलेत, फेटा घालून."

"मग? हवा कमी होती," काका म्हणायचे. तीस वर्षांनंतरही त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नसे.

रविवारी ते ईस्ट कोस्टला भाड्याची सायकल घ्यायचे. आधी आपल्या सायकलीत हवा भरायची, मग रांगेतल्या बाकीच्या सायकलींत. दुकानदाराने त्यांच्याकडून भाडं घेणं कधीच बंद केलं होतं.

त्यांच्या खिशात पेनाच्या जागी हवा मोजायचं मीटर असे आणि त्याच्या शेजारी खडूचा तुकडा. चाकाचा घेर ते आकड्यांवरून काढत नसत. टायरवर खडूची खूण करायचे, गाडीत माणसं बसवायचे, गाडी एक पूर्ण फेरा ढकलायला लावायचे आणि जमिनीवर उमटलेल्या दोन खुणांमधलं अंतर मोजायचे. मी म्हटलं, "काका, टायरवर सगळं छापलेलं असतं. एका मिनिटात हिशेब होतो."

"काय छापलंय? वाच."

"एकशे पासष्ट, पासष्ट, चौदा."

"म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यात आणि रिम इंचात. तीन माणसांनी न बोलता मिळून लिहिलेला आकडा आहे हा. आणि तिघांपैकी एकानेही गाडीत माणूस बसवलेला नाही."

त्यांचं म्हणणं एवढंच, की गाडीचं तोंड सगळे बघतात, पाय कोणी बघत नाही. चाकांना ते पायच म्हणायचे. आणि गाडी फिरून आली की तळहाताची मागची बाजू टायरला लावून ताप बघायचे, आई मुलाच्या कपाळाला लावते तशी.

आता त्या ठोकळ्यांवरच्या गाडीबद्दल. ती पेट्रोलची गाडी आम्ही विजेची करत होतो. इंजिन काढून मोटर बसवायची, डिकीत आणि मागच्या सीटखाली शिशाच्या बॅटऱ्या. एका मोठ्या गोदामाच्या कंपनीला आपल्या आवारात फिरवायला अशा बारा गाड्या हव्या होत्या. त्यांची अट साधी होती: एका चार्जमध्ये साठ किलोमीटर, आणि दर दहा किलोमीटरनंतर एकदा रॅम्पवरून पाचव्या मजल्याच्या गच्चीपर्यंत.

माझी अटही साधी होती. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे सिंगापुरात काम करायचा परवाना, एका वर्षाचा होता. डिरेक्टरांनी तोंडावर सांगितलं, "ऑर्डर आली तर तुझा पास रिन्यू करू. नाही आली तर मी तुला काम कुठलं देऊ?" माणूस वाईट नव्हता, खरं तेच बोलत होता. पण तिकडे आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अख्ख्या कॉलनीला सांगून ठेवलं होतं की पोरगी सिंगापूरला मोटार बनवते. वर्षभरात बॅग घेऊन परत जायची माझी तयारी नव्हती. जाणारच नव्हते मी.

मोटर, बॅटऱ्या, वायरिंग यात आठ महिने गेले. चाकांचा निर्णय डिरेक्टरांनी पहिल्या दिवशीच घेतला होता. सतरा इंची चकचकीत अलॉय रिम, त्यावर रुंद टायर.

"इलेक्ट्रिक कार आहे. उद्याची गाडी. दिसायला उद्याची नको?"

"उद्या पंक्चर होत नाहीत का?" काकांनी विचारलं.

डिरेक्टर हसले आणि अलॉयच बसवले. गाडी दिसायला देखणी झाली, यात शंका नाही. आमच्या इमारतीला लॉरी वरपर्यंत जाईल असा रॅम्प होता. देखणी गाडी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढली आणि कण्हत थांबली. चाक जितकं मोठं, तितकं ते फिरवायला मोटरला जोर जास्त लागतो. आमच्या मोटरकडे तो नव्हता. सपाट रस्त्यावरही बेचाळीस किलोमीटरमध्ये बॅटरी संपली.

डिरेक्टर माझ्याकडे वळले. "आता तू निवड."

मला हेच हवं होतं. दोन दिवस मी एक्सेलमध्ये डोकं घालून बसले. गाडीचं वजन, रबराचा विरोध, रिमचं वजन, सगळं मांडलं. उत्तर आलं तेरा इंच, त्यावर मिळेल तो सर्वांत अरुंद टायर. प्रत्येक टायर किती वजन पेलेल हेही तपासलं: एकेक टायर तीनशे सत्याऐंशी किलो पेलतो, आणि आमची गाडी बाराशे चाळीस किलो, भागिले चार, तीनशे दहा. भरपूर जागा. कागदावर गाडी सहासष्ट किलोमीटर जात होती. मी प्रिंट काढून काकांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे."

तेरा इंची चाकांवर गाडी रॅम्प सरसर चढली. मी टाळ्या वाजवल्या. बाविसाव्या किलोमीटरला काकांनी हात वर करून गाडी थांबवली, खाली वाकले, एकेका चाकाला हात लावला आणि मागच्या डाव्याशी थांबले.

"ताप आहे."

मी हात लावला. भाजला. शेजारचं मागचं उजवंही गरम होतं, पुढची दोन्ही कोमट. टायर तापतो म्हणजे बॅटरीतली वीज रस्त्यावर लागण्याऐवजी रबरात जिरते. मीटर पाहिलं तर निम्म्याच्या आसपास बॅटरी गेली होती. साठ सोडा, पन्नासची खात्री नव्हती; आणि तो टायर फुटला असता तर सगळंच संपलं असतं.

"पण तीनशे दहाच किलो आहेत एकेकावर!" मी म्हटलं. "गणित बरोबर आहे असं तुम्हीच म्हणालात!"

"भागाकार बरोबर आहे, इंजिनीअर. तुझी टाच बघ."

मला राग आला. चाचणीला तीन आठवडे उरले होते आणि हे माझ्या चपलाबुटांवर बोलत होते. मी त्या दिवशी त्यांच्याशी पुन्हा बोलले नाही.

रविवारी आप्पांना फोन लावला. आप्पा कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. शिक्षण सातवी. गळीत हंगाम संपलेला, म्हणून दुपारी घरीच होते. मी उगाच मन मोकळं करत होते. त्यांना यातलं काही कळावं अशी अपेक्षा नव्हती, हे आज लिहिताना मला बरं वाटत नाही.

"गाडीचं वजन किती म्हणालीस?"

"बाराशे चाळीस."

"कुणी केलं?"

"कागदावर आहे आप्पा. मूळ गाडीचं वजन, वजा इंजिन, अधिक बॅटऱ्या."

"म्हंजे काट्यावर घातलीच न्हाईस."

"एकूण तेवढंच भरणार."

"एकूण कुणी इचारलं? पोरी, रिकामी ट्रॉली काट्यावर घेताना लोक एक चाक हळूच प्लेटच्या भाईर ठेवायचे. रिकामं वजन कमी भरलं की ऊस जास्त दिसतो. म्हणून मी दर गाडीला केबिनमधनं उठून भाईर जायचो, वाकून चाकं बघायचो. चाक कुठं हाय ते बघितल्याबिगर आकडा वाचायचा न्हाई."

फोन कानाला तसाच धरून मी उभी राहिले. एक चाक बाहेर ठेवलं की वजन कमी भरतं. किती कमी? त्या चाकावर जेवढं आहे तेवढं! लोक ज्या युक्तीने कारखान्याला फसवत होते, तिनेच मला माझ्या गाडीचा एकेक पाय मोजता येणार होता. आणि माझी टाच: उजव्या खांद्याला पिशवी असताना मी कधी दोन्ही पायांवर सारखी उभी राहिले होते का? मग डिकीत डाव्या बाजूला बॅटऱ्या खच्चून भरलेली गाडी चारही पायांवर सारखी कशी उभी राहील? मी भागिले चार केलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलाने करावं तसं.

सोमवारी मी काकांसमोर जाऊन म्हटलं, "भंगारवाल्याकडे चला." वाटेत त्यांना आप्पांची काट्याची गोष्ट सांगितली.

आमच्या वसाहतीतच भंगाराचं मोठं यार्ड होतं आणि तिथे ट्रक तोलायचा, जमिनीलगतचा काटा. मालकीणबाई, सत्तरीच्या चिनी आंटी, केबिनमध्ये बसून होत्या. आम्ही गाडी ट्रेलरवरून उतरवून काट्यावर घातली. बाराशे चाळीस. बरोबर. मग मी काकांना सांगितलं, आणि त्यांनी गाडी तिरकी करून ढकलत ढकलत फक्त मागचं डावं चाक प्लेटबाहेर काढलं, खडूने खूण केली.

आंटी केबिनमधून धावत आल्या. "ए! एक चाक बाहेर! मला फसवतोस, हं? चाळीस वर्षं काट्यावर बसलेय मी!"

काका इतके हसले की त्यांना गाडीला टेकावं लागलं. "इंजिनीअर, ही तुझ्या आप्पांची बहीण दिसते."

मी आंटींना समजावलं की आम्हाला भंगार विकायचंच नाही, वजन तेवढं बघायचंय. त्या मान हलवत परत गेल्या, पण काट्यावरून नजर काढली नाही. आकडा आला आठशे तीस. म्हणजे मागच्या डाव्या चाकावर चारशे दहा किलो! टायर पेलणार तीनशे सत्याऐंशी, त्यावर आम्ही घातले होते चारशे दहा. मग बाकीची तिन्ही मोजली. मागचं उजवं तीनशे पन्नास, पुढचं डावं अडीचशे, पुढचं उजवं दोनशे तीस. काकांनी चारही आकडे खडूने त्या त्या चाकाशेजारी जमिनीवर लिहिले आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहिले.

"तुम्हाला आधीच माहीत होतं," मी म्हटलं.

"नाही गं. ताप आहे एवढं हाताला कळतं. किलो कळत नाहीत हाताला. ते तू आणलंस."

हे वाक्य त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की मला नंतर घरी आल्यावर त्याचं वजन कळलं.

मागच्या, डावीकडच्या दोन बॅटऱ्या आम्ही काढून पुढे बॉनेटखाली नेल्या. तरी मागे दोन माणसं बसली की तेरा इंची टायर पुन्हा काठावर येत होता. मी पुन्हा गणित मांडलं, या वेळी चार चाकांचं वेगवेगळं. उत्तर आलं: एकशे पासष्ट, पासष्ट, चौदा. एकेक टायर चारशे सदतीस किलो पेलतो, फार रुंद नाही, आणि उंची इतकीच की मोटर रॅम्पवर दमणार नाही.

"चौदाची रिम लागेल," मी डिरेक्टरांना म्हटलं. "आज मागवली तर..."

काका आपल्या बैठकीवरून उतरले. उशी उचलली. त्या चार चाकांतल्या वरच्या चाकावर साचलेली धूळ फुंकली आणि ते माझ्याकडे वळवलं. एकशे पासष्ट, पासष्ट, चौदा. गाडी विकत घेतली त्या दिवशी तिच्या अंगावर असलेली मूळ चाकं! आम्ही जे शोधत होतो, त्यावर काका वर्षभर बसले होते.

डिरेक्टर आ वासून बघत राहिले. "अंकल! मग आधी का नाही बोललात?"

"बोललो असतो की जुनी चाकं लावा, तर तुम्ही लावली असती? आणि कोणी 'का?' असं विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो? आता ही सांगेल."

डिरेक्टरांनी एवढंच मागितलं की निदान ती चकाकू देत. काकांनी स्वतः रिमांना चंदेरी रंग दिला, आणि टायर मात्र नवे घेतले.

चाचणीच्या दिवशी गोदामाच्या आवारात त्यांचे पाच-सहा अधिकारी छत्र्या घेऊन उन्हात उभे होते. गाडी मी चालवत होते. दर दहा किलोमीटरला रॅम्प, वर गच्ची, खाली येऊन थांबायचं. काका खाली उभे. चारही टायरना हात लावायचे, माझ्या खिडकीशी येऊन एकच शब्द म्हणायचे, "गार." दहा, गार. वीस, गार. तीस. चाळीस. पन्नासाव्या किलोमीटरला डिरेक्टरांनी टाय सैल केला. साठावा पूर्ण करून मी सहाव्यांदा रॅम्प चढले, गच्चीवर वळले, खाली आले. मीटरवर अजून चार्ज शिल्लक होता.

"चालू ठेवा," त्यांचा मुख्य इंजिनीअर म्हणाला. "बघू कुठे थांबते."

थांबली सदुसष्टाला. कागदावरचं माझं पहिलं चुकलेलं गणित सहासष्ट म्हणत होतं!

मुख्य इंजिनीअरने चाकांकडे बघून विचारलं, "इतकी साधी चाकं का निवडली?" डिरेक्टर तोंड उघडणार, तोच काका म्हणाले, "त्यांना विचारा. कोणत्या चाकावर किती वजन आहे ते त्यांना पाठ आहे."

मी सांगितलं. चारही आकडे, बॅटऱ्या हलवण्याआधीचे आणि नंतरचे. सतरा का नाही, तेरा का नाही. माझी स्वतःची चूकही सांगितली, भागिले चारची. त्याने वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं कोणीतरी वहीत लिहून घेत होतं.

बारा गाड्यांची ऑर्डर पंधरा दिवसांत आली. माझा पास रिन्यू झाला. काकांनी ते सतरा इंची अलॉय मागून घेतले. आता दोनच रचले की पुरत होते आणि पाय नीट जमिनीला टेकत होते. "उद्याची खुर्ची," ते डिरेक्टरांना ऐकू जाईल असं म्हणायचे.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा आले. पहिला पासपोर्ट, पहिलं विमान. काका न सांगता चांगी विमानतळावर हजर. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, एवढंच. बोलायला विषय सुचेना. टॅक्सी आली. मी सामान डिकीत ठेवलं, वळून बघते तर दोघंही गायब. आप्पा टॅक्सीच्या डाव्या बाजूला वाकलेले, काका उजव्या.

टॅक्सीवाल्याने काच खाली केली. "अय्यो, अंकल! दोघं दोघं?"

"इकडचं बरोबर आहे," काका पलीकडून म्हणाले. "तिकडचं काय?"

आप्पांनी मागचं डावं चाक अंगठ्याने दाबलं, सावकाश उठले, गुडघ्यावरची धूळ झटकली.

"हिकडं बी बरोबर हाय."

काकांनी दार उघडून धरलं. "बस, इंजिनीअर."

ही हाक आप्पांनी कधी कानाने ऐकलेली नव्हती. मग त्यांनीही दाराला हात लावला आणि माझ्याकडे न बघता, जरा मोठ्यानेच, टॅक्सीवाल्यालाही ऐकू जाईल असं म्हणाले, "बस, इंजिनीअर."